राजगड-तोरणा केलेल्यांसाठी फ्रान्स: कॅथार किल्ल्यांची आठवडाभराची भटकंती, टप्प्याटप्प्याने

फ्रान्समधला किल्ला म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर लुआर नदीकाठचे राजवाडे येतात. कातरलेल्या बागा, झुंबरं, तिकिटाची रांग. छान आहेत ते, पण सह्याद्रीत घाम गाळलेल्या माणसाला तिथे दुसऱ्या दिवशीच चुळबुळ सुरू होते. आपल्याला लागतो कडा, कड्यावर तट, वर सुटलेला वारा आणि खाली एक छोटंसं गाव. तो प्रकार हवा असेल तर पॅरिस विसरा आणि नकाशात थेट खाली या, स्पेनच्या सीमेजवळ. ओद आणि आरिएज हे दोन जिल्हे, त्यातला कोर्बियेरचा डोंगराळ पट्टा आणि पुढे पिरेनीजचा पायथा. इथे एकेका सुळक्यावर एकेक किल्ला आहे, आणि त्यांना सरसकट कॅथार किल्ले म्हणतात.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा चार दिवसांत नऊ किल्ले असला आचरट प्लॅन केला होता, आणि परत आल्यावर फोटो बघून कुठला कुठला हेच कळेना. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी थोडा इतिहास, नाहीतर वर जाऊन नुसते दगड दिसतात

बाराव्या शतकात या भागात कॅथार नावाचा ख्रिस्ती पंथ पसरला. ते स्वतःला नुसतं चांगले ख्रिश्चन म्हणायचे. त्यांचे व्रतस्थ लोक मांस, अंडी, दूध काहीच खायचे नाहीत, शपथ घ्यायचे नाहीत, आणि रोमच्या चर्चची सत्ता मानायचे नाहीत, म्हणजे भांडण होणारच होतं. १२०८ मध्ये पोपच्या प्रतिनिधीचा खून झाला आणि तिसऱ्या इनोसंट पोपने थेट धर्मयुद्ध पुकारलं, तेही मुस्लिमांविरुद्ध नाही, फ्रान्समधल्याच ख्रिश्चनांविरुद्ध. जुलै १२०९ मध्ये बेझिए शहरात सरसकट कत्तल झाली, ऑगस्टमध्ये कार्कासोन पडलं, आणि तिथला तरुण सरदार त्रांकाव्हेल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कैदेत मेला. पुढची वीस वर्षं युद्ध, मग इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणारी चर्चची न्यायालयं, १२४४ मध्ये मोंसेग्युर पडला, १२५५ मध्ये केरिब्यूस.

आता मुख्य गोष्ट, जी माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: आज आपण जे तट-बुरूज बघतो त्यातले बरेचसे कॅथारांच्या काळातले नाहीतच! १२५८ च्या तहाने फ्रान्स आणि स्पेनकडच्या अरागॉनच्या राज्याची सीमा इथे ठरली, आणि फ्रान्सच्या राजाने जिंकलेले हे किल्ले पाडून-वाढवून, नव्याने बांधून सरहद्दीचे पहारेकरी केले. केरिब्यूस, पेयरपेर्त्यूज, प्विलोरांस, आगिलार आणि तेर्म या पाचांना कार्कासोनचे पाच पुत्र म्हणतात ते त्यामुळेच, कारण मुख्य ठाणं कार्कासोन आणि हे त्याच्या पुढच्या चौक्या. मग १६५९ च्या तहाने सीमाच दक्षिणेला पिरेनीजवर सरकली आणि यांचं काम संपलं. कॅथारांचा किल्ला म्हणून शोधायला गेलात तर निराशा होईल, सरहद्दीचा किल्ला म्हणून बघितलात तर प्रत्येक बुरूज बोलायला लागतो.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो हा मोठा फायदा. मेमध्ये फ्रेंच लोकांच्या सुट्ट्या जोडून येतात, तेवढ्या तारखा बघून घ्या. जुलै-ऑगस्ट मी तरी टाळते. ऊन भाजून काढतं, सावली नाही, आणि वणवे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये याच कोर्बियेरमध्ये सुमारे १६,००० हेक्टर जळून गेलं. उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की प्रशासन डोंगरातल्या वाटा बंद ठेवतं, त्यामुळे आदल्या संध्याकाळी चौकशी करा आणि बंद म्हणजे बंद, आपलं "जरा जाऊन येऊ" तिथे चालवू नका. हिवाळ्यात गर्दी शून्य, पण काही किल्ले आठवड्यातले मोजकेच दिवस उघडतात, काही पूर्ण बंद.

व्हिसा आणि कागदपत्रं

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून. फी मोठ्यांना ९० युरो, वर त्यांचा सर्व्हिस चार्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हाच खरा ट्रेक असतो, म्हणून लवकर. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा हवा, त्यात डोंगरात चालणं कव्हर आहे का तेही वाचा.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या आणि मूळ लायसन्स सोबत ठेवा, नुसतं परमिट चालत नाही. गाडी भाड्याने घेताना डिपॉझिटसाठी ड्रायव्हरच्याच नावाचं खरंखुरं क्रेडिट कार्ड मागतात. आमच्याकडे कार्ड माझ्या नावाचं आणि गाडी नवऱ्याच्या, काउंटरवर पाऊण तास गेला आणि शेवटी सगळं ड्रायव्हिंग माझ्या गळ्यात पडलं.

गाडी लागतेच का?

तुलूझ ते कार्कासोन ट्रेन आहे, तासाभराचं काम. पुढे किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांना बस तुरळक, आणि ती मुख्यतः शाळेच्या वेळांना बांधलेली. नुसतं कार्कासोन बघायचं असेल तर ट्रेन पुरे, बाकीसाठी गाडी किंवा सरळ पायी ट्रेक.

गाडी तुलूझला घ्या. ऑटोमॅटिक हवी तर बुकिंग करतानाच तसं टाका, नाहीतर डाव्या बाजूला बसून उजव्या हाताने गिअर बदलायची सवय घाटात करावी लागेल. रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं हे माहीत असतंच, पण नवख्याला गोत्यात आणतो तो उजवीकडच्याला प्राधान्य हा नियम: गावात जिथे काही पाटी किंवा पट्टा नाही तिथे उजव्या गल्लीतून येणारी गाडी आधी जाणार, ती थांबणार नाही, थांबायचं आपण. गावाच्या नावाची पाटी आली की वेग ५०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०. कोर्बियेरमध्ये ८० ची वेळच येत नाही म्हणा, वळणं आपल्या वरंध घाटासारखी.

पंपावर गाझोल लिहिलंय ते डिझेल, नावावरून पेट्रोल समजू नका. आणि टाकी अर्धी झाली की भरा. खेड्यातले पंप बऱ्याचदा माणसाविना, फक्त कार्डावर चालतात आणि आपलं कार्ड कधी घेतात, कधी थुंकतात. आमचं रविवारी संध्याकाळी थुंकलं. शेवटी मागच्या गाडीतल्या आजोबांनी आपल्या कार्डावर भरून दिलं आणि रोख घेतली.

मुक्काम: तीन ठिकाणं, रोज सामान बांधायचं नाही

माझा हिशेब असा, कार्कासोनला दोन रात्री, क्युक्युन्यां किंवा शेजारच्या द्युयाकला तीन, आणि मोंसेग्युर नाहीतर फ्वा भागात दोन. क्युक्युन्यां हे टेकडीला गुंडाळलेलं इवलंसं गाव, टोकावर दुरुस्त केलेली पवनचक्की, तिथेच दळलेल्या पिठाचा पाव मिळतो. खोल्या मोजक्याच, आधी बुक करा. ट्रेकर्ससाठी जीत देताप नावाची साधी वसतिगृहं असतात, बंक बेड आणि बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर. चादर स्वतःची लागते का विचारून घ्या.

दिवस १ आणि २: कार्कासोन, लास्तूर, मिनर्व्ह

कार्कासोनचा जुना कोट, ज्याला सिते म्हणतात, त्याला दुहेरी तट, ५२ बुरूज, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. आत शिरायला पैसे नाहीत, तिकीट फक्त आतल्या बालेकिल्ल्याला आणि तटावरच्या फेरीला. नोव्हेंबर ते मार्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी तेही फुकट. दुपारी आत आइस्क्रीम आणि प्लॅस्टिकच्या तलवारींची जत्रा असते, तर सकाळी नऊच्या आत किंवा जेवणानंतर रात्री जा. रात्री दोन तटांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून चालत फिरा, आमच्यासोबत फक्त एक मांजर होतं. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने हा कोट जवळपास पुन्हा उभा केला, आणि बुरुजांवर उत्तर फ्रान्समध्ये शोभतील अशी टोकदार पाटीच्या दगडाची छपरं चढवली, त्यावरून लोक अजून वाद घालतात. जीर्णोद्धार किती करावा हा वाद आपल्यालाही नवा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लास्तूर, कार्कासोनच्या उत्तरेला अर्ध्या तासावर. एकाच कण्यावर चार किल्ले: काबारे, तूर रेजीन, स्युरदेस्पिन, केर्तिन्यो. यातला तूर रेजीन हा राजाने नंतर बांधलेला. वाट खालच्या जुन्या कापड गिरणीतून सुरू होते, निवांत फिरायला दोनेक तास. १२१० मध्ये धर्मयुद्धाचा सेनापती सिमॉन द मोंफोर याने ब्रामच्या शंभरेक कैद्यांचे डोळे काढले आणि एकाचा एक डोळा शाबूत ठेवून, त्याच्यामागे ती रांग धरून सगळ्यांना या काबारेकडे पाठवलं, घाबरवायला. काबारेवाले तरी त्या वेळी शरण गेले नाहीत. हे माहीत असलं की वर पोचल्यावर दरीकडे बघताना गप्प व्हायला होतं. उतरल्यावर समोरच्या डोंगरावरच्या पॉइंटवरून चारही एकत्र दिसतात, ते चुकवू नका.

दुपारनंतर वेळ उरला तर मिनर्व्ह, दोन घळींच्या मधल्या कातळावरचं गाव. १२१० च्या उन्हाळ्यात वेढा पडला, विहिरीकडे जाणारी वाट यंत्राच्या दगडांनी फोडली, तहानेने गाव शरण आलं आणि सुमारे १४० जणांना जाळलं.

दिवस ३ ते ५: सरहद्दीचे किल्ले

सहलीचा गाभा हा. कार्कासोनहून क्युक्युन्यां नकाशावर जवळ दिसतं, दीड-दोन तास धरा.

केरिब्यूस ७२८ मीटरवर, दातासारखा वर आलेला. पार्किंगपासून पंधरा-वीस मिनिटं, पण मी म्हणेन एकदा तरी गावातून पायी चढा, तासभर-सव्वा तास, द्राक्षमळ्यांतून झुडपात आणि मग कड्याखाली. किल्ला वाचायचा कसा ते इथे शिका. पायऱ्या चढताना तुमची कुठली बाजू सतत तटासमोर उघडी राहते ते बघा, मग भिंतीतल्या फटी बघा, आपल्या जंग्यांचीच भावंडं, पण काही बाणांसाठी लांबट आणि काही नंतर तोफा-बंदुकांसाठी बदललेल्या, म्हणजे किल्ला किती शतकं नांदता होता ते तिथेच कळतं. वर बालेकिल्ल्यात एकाच खांबावर तोललेलं कमानींचं दालन आहे, आणि गच्चीवरून एकीकडे कानिगू शिखर, दुसरीकडे स्वच्छ हवेत समुद्र. ट्रामोंतान नावाचा उत्तरेचा वारा सुटला की मात्र उभं राहता येत नाही, टोपी गेली तर गेली म्हणा. वादळ किंवा जोराचा वारा असला तर किल्ले बंद करतात आणि ते योग्यच आहे, कठडे सगळीकडे नाहीत.

पेयरपेर्त्यूज समोरच दिसतो, पण एवढा की आधी तो किल्ला आहे हेच कळत नाही, कड्याची धारच वाटते. सुमारे ८०० मीटर उंची, लांबी ३०० मीटरच्या आसपास. वाट तिकीट खिडकीपासून कड्याला वळसा घालून मागच्या बाजूने दरवाजाशी येते. खालचा किल्ला जुना, आणि त्याच्याही वर राजाने बांधलेला सान जोर्दी, तिथे जायला कातळात खोदलेला जिना आणि हाताला दोर. पाऊस पडून गेला असेल तर हा जिना सोडून द्या, दगड घासून गुळगुळीत झालेत. निदान तीन तास द्या याला. अर्ध्या तासात खाली उतरलेले लोक बघून मला रायगडला रोपवेने जाऊन वीस मिनिटांत परत फिरणारे आठवले.

दोन्ही एकाच दिवशी करता येतात, लोक करतात, पण नका करू. मधल्या दिवशी तेर्म आणि आगिलार घ्या. आगिलार छोटा, द्राक्षमळ्यांच्या मधोमध, षटकोनी तट आणि सहा बुरूज, त्या काळातल्या राजाच्या बांधकामाचा सोपा धडा. तेर्म उद्ध्वस्त आहे पण गोष्ट तिथली भारी: १२१० मध्ये चार महिने वेढा, टाक्यांतलं पाणी संपलं, नुसती वाइन पिऊन दिवस काढले, शरण जायची बोलणी झाली आणि त्याच रात्री पाऊस! टाकी भरली, बोलणी मोडली, पण त्या घाण पाण्याने हगवण लागली आणि शेवटी रात्रीच्या अंधारात लोक गड सोडून निघाले. टाकं शोधा आधी, मग बाकी सगळं, ही आपली सवय इथे फार कामाला येते. वाटेत व्हिलरूज-तेर्मनेस लागेल, १३२१ मध्ये ज्ञात असलेल्यांपैकी शेवटच्या कॅथार व्रतस्थाला, बेलिबास्तला, तिथे जाळलं.

पाचव्या दिवशी पश्चिमेकडे निघताना आधी गालामुसची घळ. रस्ता कड्यात कोरलेला, एक गाडी जेमतेम जाईल एवढा, उन्हाळ्यात गाड्यांना मनाई किंवा सिग्नल असतो. बाहेर लावा आणि चालत जा, कड्याला चिकटलेला संन्याशांचा मठ बघा. पुढे ब्युगाराश डोंगर दिसेल, २०१२ मध्ये जग बुडणार आणि फक्त हाच वाचणार अशी अफवा उठली होती, पोलिसांनी त्या डिसेंबरात वर जायची वाटच बंद केली होती. मग प्विलोरांस, माझा सगळ्यात आवडता. चढ वीस मिनिटांचा, पण शेवटच्या टप्प्यात एकाआड एक आडव्या भिंती घातल्यात, नागमोडी चढायचं आणि प्रत्येक वळणावर वरून मारा. गोमुखी दरवाजाचं तंत्र वेगळं, पण हेतू तोच: शत्रूला सरळ धावून येता येऊ नये.

दिवस ६ आणि ७: प्विव्हेर आणि मोंसेग्युर

प्विव्हेर सोपा, गाडी जवळपर्यंत, आतल्या मनोऱ्यात छताच्या कोपऱ्यांवर आठ वादक कोरलेत, प्रत्येकाच्या हातात वेगळं वाद्य. तासभर पुरे.

मोंसेग्युरला सकाळी सगळ्यात आधी जा. १,२०७ मीटर, पार्किंगपासून अर्ध्या तासाचा खडा चढ, दगड ओले असतात. चढ सुरू होतो त्या मैदानात एक साधा दगडी स्तंभ आहे. मे १२४३ ते मार्च १२४४ असा दहा महिने वेढा चालला, आणि १६ मार्चला दोनशेहून जास्त जणांनी पंथ सोडायला नकार देऊन आग पत्करली. वरचा आजचा किल्ला मात्र नंतरच्या मालकांनी बांधलेला, वेढ्याच्या वेळच्या वस्तीचे अवशेष बाहेर उत्तरेच्या उतारावर आहेत, लोक तिकडे बघतच नाहीत. खाली गावात छोटं म्युझियम आहे, उत्खननात सापडलेल्या रोजच्या वापराच्या वस्तू, ते किल्ल्यानंतर बघा.

पायी करायचं असेल तर

सांतिए कातार ही वाट पोर-ला-नूव्हेल या समुद्रकाठच्या गावापासून फ्वापर्यंत जाते, सुमारे २५० किलोमीटर, साधारण बारा टप्पे. सगळं नको असेल तर क्युक्युन्यां-द्युयाक-पेयरपेर्त्यूज-गालामुस एवढा तुकडा घ्या. झाडादगडांवरच्या खुणा शिकून घ्या: पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा म्हणजे गावाभोवतीची छोटी, आणि फुली म्हणजे इकडे नाही. १:२५,००० चा आयजीएनचा, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा, नकाशा घ्या, मोबाइलवर ऑफलाइनही उतरवा, दऱ्यांत रेंज जाते. चुनखडीचा डोंगर आहे, ओढे कोरडे, माणशी दोन-तीन लिटर पाणी गावातूनच. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा मोसम, भडक रंगाचा टीशर्ट घाला. आरिएजकडे मेंढ्यांचे राखणदार मोठे पांढरे कुत्रे भेटतात, कळपाला लांबून वळसा, काठी उगारायची नाही, पळायचं तर अजिबात नाही. इमर्जन्सीला ११२.

खाणं, आणि वेळा

दुपारी बारा ते दोन, बस. दोन वाजता किचन बंद, मग साडेसातपर्यंत कोणी तुम्हाला जेवण देणार नाही. आम्ही पहिले दोन दिवस केळी खाऊन काढले. सोमवारी बेकऱ्या बऱ्याचदा बंद, रविवारी दुपारनंतर सगळंच. काही छोटे किल्ले आणि म्युझियमही दुपारी बंद असतात. दुकानात शिरल्याबरोबर आधी बोंजूर म्हणायचं, प्रश्न नंतर, नाहीतर चेहरे आंबट होतात.

शाकाहाऱ्यांनी सावध. इथला प्रसिद्ध कासुले म्हणजे पांढऱ्या घेवड्यात बदक आणि डुकराचं मांस, सॅलडमध्येही बदकाचे आतले अवयव निघतात. "सां व्हियांद, सां प्वासों" म्हणजे मांस नको, मासे नको, हे पाठ करा. ऑम्लेट, बकरीच्या दुधाचं चीज, बाजारातली फळं मिळतात. स्वयंपाकघर असलेला मुक्काम घेतलात तर भाजणी, मेतकूट, चिवडा न्या, पण तूप, पेढे, बर्फी नको. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे, सामान तपासलं तर काढून घेतात.

किल्ल्यांची तिकिटं एकेक करून अंगावर येतात. या भागातल्या ठिकाणांचा मिळून एक सवलतीचा पास असतो, पहिल्याच किल्ल्याच्या खिडकीवर विचारा, तीन-चार किल्ले करणार असाल तर घ्याच.

परतीचा दिवस सोमवार येईल असं जमवता आलं तर फारच छान, कारण तुलूझच्या वाटेवर मिरप्वाला सोमवारी बाजार भरतो, लाकडी खांबांच्या जुन्या ओवऱ्यांनी वेढलेल्या चौकात. तुळयांच्या टोकांवर कोरलेली तोंडं आहेत, वेडीवाकडी, जनावरांची, राक्षसांची, मान वर करून शोधत फिरा. साडेबाराच्या सुमारास बाजार आवरतो, मग निघा, आणि गाडी परत करायच्या आधी टाकी फुल करा, गाझोलने, तुमची डिझेलची असेल तर.